पिसाची पूर्वपीठिका

पीस कशासाठी असते, असे एखाद्या शाळकरी मुलास विचारले तर तो विलंब न लावता 'उडण्यासाठी' असे उत्तर देईल आणि बहुतेक गुरुजी त्या उत्तरास पूर्ण गुण देतील. आपल्या मनातही या दोहोंची जोडी पक्की जमलेली आहे. विष्णूच्या देवळात हात जोडून बसलेल्या गरुडास शिल्पकार मनुष्यदेह देतो, परंतु पाठीवर पंख कोरण्यास विसरत नाही. आणि जटायूचे पंख छाटले गेले तेव्हा त्याचे काय गेले, हे आपणांस कोणी समजावून सांगावे लागत नाही. असे असूनही गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत दगडांच्या पोटातून जो पुरावा बाहेर आला आहे, तो निराळीच हकीकत सांगतो. पीस हे उड्डाणापेक्षा पुष्कळच जुने आहे. ज्या प्राण्यांच्या अंगावर ते पहिल्याने उगवले ते उडत नव्हते आणि उडण्याजोगी त्यांची शरीरेही नव्हती. हा निर्णय विद्वानांच्या हाती सुखासुखी लागला, असे मात्र नाही. त्यास लागणारा पुरावा कित्येक वर्षे त्यांच्याच कपाटांत चुकीच्या चिठ्ठ्या लावून पडला होता. तो कसा ओळखला गेला, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

या हकीकतीचा प्रारंभ छापण्याच्या दगडापासून होतो. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात झोल्नहोफेन नावाचे गाव आहे. तेथील चुनखडीचा दगड पातळ थरांनी सुटतो आणि घासला असता काचेसारखा गुळगुळीत होतो. १७९६ साली आलोइस झेनेफेल्डर याने शिळाछापाची कला शोधून काढली, तेव्हापासून या दगडास विलक्षण मोल आले. उत्तम प्रतीचा शिळाछापाचा दगड जगभर याच मुलखातून जाऊ लागला. ही कला आपणांसही परकी नाही. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत जे पंचांग छापले ते शिळाछापाचेच होते; आणि १८९४ साली निघालेल्या राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून ज्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या देव्हाऱ्यांपर्यंत आल्या, त्याही याच कलेने आल्या.

हा दगड इतका बारीक कणाचा होण्याचे कारण असे की, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी त्या जागी उथळ, उष्ण समुद्रातील संथ खाजणे होती. त्यांच्या तळाचे पाणी इतके खारट व प्राणवायूहीन होते की तेथे कुजक्या मांसावर जगणारा जीव टिकत नसे. वरून जो प्राणी पडे त्यावर चुन्याचा मऊ गाळ हलकेच बसे. त्यामुळे चतुराच्या पंखांवरील शिरासुद्धा तेथे उमटलेल्या सापडतात. छापखान्यासाठी निसर्गाने जणू आधीच एक छाप घेऊन ठेवला होता.

१८६१ साली या खाणींतून आलेल्या एका शिळेवर एक पीस उमटलेले आढळले. लांबी अवघी सहा सेंटिमीटर. हेर्मान फोन मायर या पंडिताने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव दिले 'आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका', म्हणजे शिळाछापाच्या दगडातील प्राचीन पंख. त्याच वर्षी जवळच्या खाणीत एक जवळजवळ संपूर्ण सांगाडा निघाला. कावळ्याएवढा प्राणी; अंगाभोवती पिसांचे स्पष्ट ठसे; परंतु शेपूट सरड्यासारखी लांब व मणक्यांची, आणि पंखांच्या टोकांस नख्या असलेली तीन तीन बोटे. हा सांगाडा कार्ल हेबरलाइन नावाच्या डॉक्टरकडे आला. खाणीतील मजूर त्याची फी पैशांऐवजी अशा दगडांनी चुकवीत असत, असे सांगतात. हेबरलाइन हिशेबी गृहस्थ होता. त्याने सांगाडा पाहू दिला, पण चित्र काढू दिले नाही. आणि अखेर आपला सारा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला ७०० पौंडांस विकला. ती रक्कम मुलीच्या हुंड्यासाठी हवी होती, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, मुलीच्या बापांस ती पटण्यासारखी आहे.

डार्विनचा ग्रंथ १८५९ साली निघाला होता. एका जातीचे जीव दुसऱ्या जातीतून क्रमाने उत्पन्न होतात तर मधले दुवे कोठे आहेत, असा प्रश्न त्याचे विरोधक विचारीत होते. अशा वेळी अर्धा सरपटणारा व अर्धा पक्षी असा प्राणी उपस्थित झाला. म्युनिकचा आंद्रेआस वाग्नर याने तो स्वतः न पाहताच, केवळ ऐकीव वर्णनावरून, तो पक्षी नसून सरपटणारा प्राणी आहे असे जाहीर केले, त्यास निराळे नावही दिले आणि डार्विनचे अनुयायी याचा दुरुपयोग करतील अशी ताकीद दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस तो वारला. लंडनमध्ये रिचर्ड ओवेन या थोर शरीरशास्त्रज्ञाने १८६३ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. तो डार्विनचा विरोधक, त्यामुळे त्याने हा निखालस पक्षीच ठरविला. शिळेवर डोके नाही, असे ओवेनचे म्हणणे होते. १८६५ साली जॉन इव्हान्स या कागदाच्या कारखानदाराने त्याच शिळेवर मेंदूच्या पोकळीचा ठसा आणि दात असलेला जबड्याचा तुकडा दाखवून दिला. पक्ष्यास दात! हातात भिंग सर्वांच्याच होते; तथापि जे अपेक्षित नसते ते भिंगातूनही दिसत नाही.

यानंतर थॉमस हक्सले पुढे आला. ओवेनने उजव्या-डाव्या बाजूंची अदलाबदल केली आहे, हे १८६८ साली त्याने काहीशा आनंदानेच दाखविले. परंतु त्याचा महत्त्वाचा मुद्दा निराळा होता. त्याच झोल्नहोफेनच्या दगडात कॉम्प्सोग्नॅथस नावाचा कोंबडीएवढा, दोन पायांवर धावणारा डायनोसॉर पूर्वी सापडला होता. हक्सलेने म्हटले की, या डायनोसॉरचे मागचे पाय आणि पक्ष्यांचे पाय यांत साम्य इतके आहे की पक्ष्यांचे मूळ याच कुळाकडे शोधले पाहिजे. गंमत अशी की त्या डायनोसॉरला नाव देणारा दुसरा कोणी नसून तो वाग्नरच होता.

पुढे आणखी एक सांगाडा निघाला, डोक्यासकट आणि पंख पसरलेला. तो शोधणाऱ्याने एका गाईच्या मोबदल्यात दिला, असे सांगतात. हेबरलाइनच्या मुलाच्या हातून तो १८८१ साली २०,००० मार्कांस बर्लिनला गेला आणि आज जगातील सर्वांत प्रसिद्ध जीवाश्मांत गणला जातो. लंडनच्या सांगाड्यावर १९८५ साली एक निराळेच किटाळ आले. आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू, ज्योतिर्विद फ्रेड हॉइल आणि त्यांचे काही सहकारी यांनी पिसे बनावट असल्याचा आरोप केला. म्युझियमच्या संशोधकांनी १८८६ नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनी, १९८६ साली, दगडाच्या दोन्ही फाळक्यांवरील केसासारख्या भेगा पिसांच्या ठशांतून आरपार जातात आणि एकमेकींशी तंतोतंत जुळतात असे दाखवून तो आरोप खोडून काढला. आकाश वाचणारा मनुष्य दगडही तितकाच चांगला वाचील, असे नाही.

आता हक्सलेचे म्हणणे इतके स्पष्ट होते तर ते मागे का पडले? याचे उत्तर गळ्याखालच्या एका हाडात आहे. पक्ष्यांची दोन जत्रुके, म्हणजे गळ्यालगतची हाडे, एकत्र जुळून दुबेळक्यासारखे एक हाड बनते. डेन्मार्कचा चित्रकार व पक्षिविद्येचा अभ्यासक गेरहार्ड हाइलमान याने १९२६ साली पक्ष्यांच्या उत्पत्तीवर इंग्रजीत एक सुंदर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने पक्षी आणि मांसाहारी डायनोसॉर यांतील साम्याची लांबलचक यादी दिली आणि शेवटी म्हटले की, डायनोसॉरांना जत्रुके नव्हती. एकदा नाहीसा झालेला अवयव पुन्हा उत्पन्न होत नाही. म्हणून पक्षी त्यांचे वंशज असू शकत नाहीत. युक्तिवाद निर्दोष होता, परंतु त्याखालची माहिती खोटी होती. मंगोलियाच्या गोबी वाळवंटातील ओव्हिरॅप्टर या डायनोसॉरचे जे वर्णन १९२४ साली प्रसिद्ध झाले, त्यातील चित्रातच ते हाड होते. फक्त ते दुसरेच समजले गेले. ज्यास 'नाही' म्हणून सिद्धांत रचला ते दोन वर्षांपूर्वीच छापून निघालेले होते! पुढे जवळजवळ चाळीस वर्षे पाठ्यपुस्तके हाइलमानच्याच मताने चालली.

या ओव्हिरॅप्टरवर तर दुहेरी अन्याय झाला. तो अंड्यांच्या ढिगापाशी सापडला म्हणून त्यास 'अंडीचोर' असे नाव देण्यात आले. १९९३ साली त्याच वाळवंटात तशाच अंड्यात त्याच्याच कुळातील गर्भ आढळला, आणि नंतर अंड्यांवर बाहू पसरून बसलेला एक सांगाडाही उजेडात आला. तो चोर नव्हता, अंडी उबवीत बसलेले आईबाप होते. हे बाहू पसरण्याचे चित्र वाचकांनी ध्यानात ठेवावे; पुढे त्याचे काम आहे.

१९६४ साली अमेरिकेतील मोंटाना राज्यात येल विद्यापीठाचा जॉन ऑस्ट्रम याला एक मध्यम आकाराचा, चपळ, पायास कोयत्यासारखी नखी असलेला डायनोसॉर सापडला. त्याचे नाव डाइनोनिकस. त्याच्या मनगटात अर्धचंद्राच्या आकाराचे एक हाड होते, त्यामुळे हात बाजूस दुमडता येई. पक्षी पंख मिटतो तेव्हा नेमकी हीच हालचाल करतो. ऑस्ट्रम मग युरोपातील संग्रहालये धुंडाळू लागला. १९७० साली हॉलंडमधील हार्लेम येथे, उडता सरडा म्हणून ठेवलेली एक शिळा त्याने खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात धरली, आणि त्यास पिसांच्या पुसट रेषा दिसल्या. ती शिळा १८५५ साली सापडली होती आणि तिला चुकीचे नाव देणारा होता तोच फोन मायर, ज्याने पुढे सहा वर्षांनी एका पिसावरून आर्किऑप्टेरिक्सचे नामकरण केले. (अलीकडे काही संशोधक हा हार्लेमचा प्राणी आर्किऑप्टेरिक्सचा केवळ निकटचा आप्त मानतात, त्याने आमच्या मुद्द्यास बाध येत नाही.) ऑस्ट्रमने आपला शोध लपविला नाही. त्याने सांगताच अधिकाऱ्याने शिळा त्याच्या हातून काढून नेली. आता ती मिळत नाही असे ऑस्ट्रमला वाटले, तोच तो गृहस्थ ती एका बुटांच्या खोक्यात घालून, दोरीने बांधून, अभ्यासासाठी घेऊन आला.

आइख्श्टेट येथेही हेच घडले. १९५१ साली मिळालेला एक सांगाडा वीस-बावीस वर्षे कॉम्प्सोग्नॅथस म्हणून पडून होता; १९७३ साली तो आर्किऑप्टेरिक्स असल्याचे उघड झाले. आमच्या मते पक्षी व डायनोसॉर यांच्या नात्याचा याहून बोलका पुरावा नाही. पिसांचे ठसे ठळक उमटले तर तज्ज्ञ त्यास पक्षी म्हणत. ठसे पुसट असले तर त्याच हाडांस, तेच तज्ज्ञ, डायनोसॉर म्हणून दुसऱ्या कपाटात ठेवीत. हाडे दोहोंची एकच होती.

मग उलट प्रश्न उभा राहिला. पक्षी जर डायनोसॉरच, तर पीस फक्त पक्ष्यालाच का असावे? याचे उत्तर १९९६ साली चीनच्या लिआओनिंग प्रांतातून आले. तेथील तळ्यांच्या गाळावर ज्वालामुखींची बारीक राख पडून झोल्नहोफेनसारखेच नाजूक ठसे टिकले आहेत. एका शेतकऱ्यास कोंबडीहून थोडा मोठा, लांब शेपटीचा डायनोसॉर सापडला. शिळेचे दोन फाळके दोन निरनिराळ्या संस्थांस विकले गेले. या प्राण्याच्या डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत लवीची झालर होती. त्याचे नाव सिनोसॉरोप्टेरिक्स. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या विद्वानांच्या सभेत त्याचे छायाचित्र हातोहात फिरले; तेव्हा ६८ वर्षांचा ऑस्ट्रमही तेथे उपस्थित होता.

यानंतर पिसांच्या डायनोसॉरांची रीघच लागली आणि त्याबरोबर, पैसा जेथे येतो तेथे जे येते तेही आले. १९९९ साली 'आर्किओरॅप्टर' नावाचा पक्ष्याचे धड व डायनोसॉरची शेपटी असलेला दुवा अमेरिकेतील एका विख्यात नियतकालिकाने मोठ्या थाटात प्रसिद्ध केला. चीनचा तरुण संशोधक शू शिंग याला त्याच शेपटीचा दुसरा फाळका सापडला, आणि त्यास जोडलेले धड भलतेच होते. विक्रीसाठी तुकडे चिकटवून ही शिळा तयार केली होती. शू शिंगने शेपटीच्या खऱ्या धन्यास पुढच्याच वर्षी मायक्रोरॅप्टर असे नाव दिले, आणि २००३ साली त्या कुळातील असे नमुने पुढे आले की ज्यांच्या हातांवरच नव्हे, पायांवरही लांब पिसे होती. लबाडीतून खरी वस्तू निघाली ती अशी.

जाणत्या टीकाकारांनी दोन आक्षेप घेतले आणि ते विचारात घेण्याजोगे होते. पहिला असा की, लव म्हणजे पिसे कशावरून. ते कुजलेल्या कातडीचे तंतू असतील. २०१० साली सूक्ष्मदर्शकाखाली त्या तंतूंत पक्ष्यांच्या पिसांत असतात तसे रंगकण आढळले. इतकेच नव्हे, तर सिनोसॉरोप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस व पांढरे पट्टे होते हेही कळले. दुसरा आक्षेप काळाचा. आर्किऑप्टेरिक्स १५ कोटी वर्षांचा आणि हे चिनी डायनोसॉर सुमारे साडेबारा कोटींचे. नातू आजोबांहून वडील कसा? वास्तविक हे आजोबा नव्हेतच, मागे राहिलेली चुलत घराणी होत. तरीही शंकेस जागा होती, ती २००९ साली आन्किऑर्निसने भरून काढली. चारही अवयवांवर पिसे असलेला हा प्राणी सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आर्किऑप्टेरिक्सहून वडील आहे.

येथे पिसाची रचना थोडी पाहिली पाहिजे. अंगणात पडलेले कावळ्याचे पीस वाचकांनी हाती घेऊन पाहावे. मधला दांडा; त्यास दोन्ही बाजूंस तिरप्या निघालेल्या काड्या; प्रत्येक काडीस आणखी बारीक तंतू; आणि त्या तंतूंच्या टोकांस सूक्ष्म आकडे, जे शेजारच्या काडीच्या तंतूंत अडकतात. पीस विसकटून पुन्हा बोटांनी सारखे केले असता ते जुळते, ते या आकड्यांमुळे. पंखातील पिसाची पाती सारखी नसतात. वारा कापणाऱ्या बाजूचे पाते अरुंद व दुसरे रुंद असते. एवढी गुंतागुंतीची वस्तू एका दमात झालेली नाही, आणि तिच्या पायऱ्या आता दगडांतच दिसतात. सिनोसॉरोप्टेरिक्सवर साधी लव. काही डायनोसॉरांवर एका बुडख्यातून निघालेले तंतूंचे झुबके. १९९८ साली वर्णिलेल्या कॉडिप्टेरिक्सवर दांडा व पाती असलेली पुरती पिसे, पण दोन्ही पाती सारख्या रुंदीची आणि हात उडण्यास फारच आखूड. मायक्रोरॅप्टर व आर्किऑप्टेरिक्सवर असमान पात्यांची, वारा कापणारी पिसे. पिल्लाच्या कातडीत पीस वाढते तेही प्रथम पोकळ नळीसारखे उगवून मग फाटे फुटत, हे १९९९ साली रिचर्ड प्रम याने दाखविले. त्याने केवळ वाढीवरून जो क्रम बांधला, तोच दगडांत मिळत गेला.

न उडणाऱ्यास पिसे हवीत कशाला? ऊब हे पहिले कारण उघडच आहे. २०१२ साली वर्णिलेला युटिरॅनस नऊ मीटर लांब आणि सुमारे चौदाशे किलो वजनाचा होता. त्याच्याही अंगावर लव होती आणि त्याने हवेत झेप घेतली असेल असे कोणी म्हणणार नाही. दुसरे कारण शोभा, म्हणजे जोडीदारास भुलविणे व प्रतिस्पर्ध्यास दटावणे; रंगीत पट्टे त्याचीच साक्ष देतात, आणि मोराच्या देशातील लोकांस हे कारण अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही. तिसरे म्हणजे अंड्यांवर पांघरूण. बाहू पसरून बसलेल्या त्या 'अंडीचोरा'च्या हातांस लांब पिसे असली, तर त्याची बसण्याची रीत आपोआप उलगडते. पीस अशा रीतीने पुष्कळ काळ दुसऱ्याच संसारात रुळले होते; उड्डाणाने ते तयार स्थितीत उचलले.

ते कसे उचलले, याविषयी मात्र दोन पक्ष आहेत आणि वाद १८८० पासून चालला आहे. अमेरिकेचा ओथनील मार्श म्हणे, झाडावरून तरंगत खाली येण्याने उड्डाण झाले. हंगेरीचा फ्रान्झ नोप्चा १९०७ साली म्हणाला, धावताना हात फडफडविल्याने झाले. दोन्ही पक्षांत थोर पंडित झाले आणि दोघांनीही एकमेकांची थट्टा पुष्कळ केली. २०१५ साली वर्णिलेल्या यी ची या चिनी डायनोसॉरने दोहोंस बुचकळ्यात टाकले. त्याच्या अंगावर पिसे होती, परंतु पंख होता वाघळासारखा कातडीचा, मनगटातून निघालेल्या लांब काडीवर ताणलेला. म्हणजे हवेत शिरण्याचे प्रयत्न एकाहून अधिक घराण्यांनी, एकाहून अधिक रीतींनी केले. त्यांतील एक आजवर टिकला.

या वादात आमचा कल कोणीकडे आहे ते सांगतो, आणि त्याचे कारण एक आपल्या ओळखीचा पक्षी आहे. चांदणे पिणारा म्हणून कवींनी ज्यास अजरामर केले तो चकोर प्रत्यक्षात डोंगराळ मुलखातील तित्तिरकुळातला, जमिनीवर धावणारा पक्षी आहे. त्याचे इंग्रजी नावही आपल्याकडूनच गेले. मोंटाना विद्यापीठाचा केनेथ डायल याने २००३ साली या चकोराच्या पिल्लांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पिल्लांस उडता येत नव्हते, पंख अर्धवट फुटलेले होते. परंतु समोर तीव्र चढ आला की ती पंख फडफडवीत त्यावर धावत चढत. त्या फडफडीने शरीर वर उचलले जाण्यापेक्षा चढावर दाबले जाई आणि पायांस पकड मिळे. पंख जसजसे वाढत तसतसा अधिक उभा चढ साधे, आणि मोठे पक्षी तर पूर्ण उभी भिंतही अशीच चढत. अर्ध्या पंखाचा उपयोग काय, हा डार्विनच्या काळापासूनचा आक्षेप होता. त्याचे जिवंत उत्तर चकोराच्या पिल्लांनी दिले. डायनोसॉरांनी नेमके हेच केले असे याने सिद्ध होत नाही, हे आम्हांस मान्य आहे. अर्धा पंख निरुपयोगी नसतो, एवढे मात्र निश्चित सिद्ध होते.

आर्किऑप्टेरिक्स स्वतः कितपत उडत असे? त्याच्या छातीस आजच्या पक्ष्यांसारखी नौकेच्या कण्यासारखी पुढे आलेली कड नाही, तेव्हा उड्डाणाचे मोठे स्नायू त्यास नसावेत. २०१८ साली त्याच्या हाडांतील पोकळ्यांची क्ष-किरणांनी तपासणी झाली, तीवरून तो रानकोंबड्यांच्या कुळातील पक्ष्यांप्रमाणे थोडे अंतर, संकटापुरते उडत असावा असे अनुमान निघाले. यात शिकागोच्या फील्ड संग्रहालयाने २०२२ साली मिळविलेल्या नमुन्याने भर घातली. हा कबुतराएवढा, ज्ञात नमुन्यांत सर्वांत लहान. १९९० पूर्वी सापडलेला आणि तेव्हापासून खासगी मालकीत राहिलेला. अतिनील प्रकाशाखाली दगडाचा कण न् कण दूर सारून, वर्षाहून अधिक काळ खपून तो मोकळा करण्यात आला आणि २०२५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यात दंडाच्या हाडालगत, पंख आणि धड यांमधील जागा झाकणारी लांब पिसे प्रथमच स्पष्ट दिसली. ही जागा उघडी राहिली तर हवा तेथून निसटते आणि पंख उचलत नाही. आर्किऑप्टेरिक्सच्या जवळच्या पिसारी डायनोसॉरांत ही पिसे आढळत नाहीत. त्यांचा पिसारा कोपराशीच संपतो.